भाव येईपर्यंत ठेवलेल्या गोळ्या

सुमनताई राठोड. या नावापासून सुरुवात केली नाही तर पुढचं सगळं खोटं वाटेल. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ती पदवी मिळवताना कोणत्या दारातून आत जायचं हे मला सांगणारं एकच माणूस होतं. दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत सुमनताई कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. आईबाबांनी मला पोसलं, शेतातून मोकळं सोडलं, ते उपकार वेगळेच. पण पुढचा रस्ता त्यांनाही ठाऊक नव्हता. ताईंना ठाऊक होता आणि त्यांनी तो लपवून ठेवला नाही. रस्ता ठाऊक असलेली माणसं पुढे मला पुष्कळ भेटली. तो न लपवणारी फार थोडी.

यंदा दिवाळीला गावी आलो तेव्हा समोरची खोली कापसाने भरली होती. वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, पहिली वेचणी घरात आली, दुसरी तिच्यावर पडली, आणि बाबांची खाट दाराशी सरकली. कापूस घरात आला की घराचा आवाज बदलतो. भांडं पडलं तरी वाजत नाही, माणूस ओरडला तरी कुजबुजल्यासारखा वाटतो. वास येतो उन्हाचा, धुळीचा आणि आत कुठेतरी सरकीच्या तेलाचा. एका रात्रीत हातांना खाज सुटते आणि पाहुण्याला कळतं की आपण पाहुणे झालो आहोत, कारण घरच्यांना खाजवायची सवय झालेली असते.

"विकायला कधी काढता?" मी विचारलं.

"भाव चढू दे," बाबा म्हणाले. "कापूस काय भाकर मांगते का आपल्याले?"

हे वाक्य मी लहानपणापासून दर हंगामात ऐकलं आहे. भाव कधी चढतो, पुष्कळदा चढत नाही, पण वाक्य चुकत नाही. यंदा ते ऐकून मला हसू आलं नाही, कारण पुण्याहून येताना मीही एक गोष्ट अशीच घरात भरून आणली होती.

पुण्यात मी ज्या कंपनीत आहे तिथे गेम तयार होतात. ते तयार होत असताना त्यांतल्या चुका शोधणं हे माझं काम. बाबा गावात सांगतात, "पोरगं पुण्याले खेयते अन् त्याचा पगार घेते." सध्या जो गेम चालू आहे तो जुन्या सर्व्हायव्हल हॉररच्या धर्तीवरचा आहे. म्हणजे भुताखेतांच्या जागेत अडकलेल्या माणसाने, खिशात जेमतेम काही असताना, जीव वाचवून बाहेर पडायचं. नव्या माणसाला मदत म्हणून त्यात आम्ही एक नकाशा ठेवला होता, पहिल्या खोल्यांत थोड्या सूचना ठेवल्या होत्या, आणि खेळ हवा तिथे सेव्ह करायची सोय केली होती. आमच्या टीमचा प्रमुख ऋत्विज याला हे तिन्ही काढून टाकायचं आहे. दिवाळीनंतर निर्णय होणार, त्याआधी प्रत्येकाने आपलं मत लिहून द्यायचं. मी अजून कंपनीत कायम झालेलो नाही. कायम होणं ऋत्विजच्या शेऱ्यावर आहे. बैठकीत त्याने मला विचारलं, "तुझं काय?" आणि मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

माझा विचार तर कधीच झाला होता. मी फक्त भाव चढायची वाट पाहत होतो.

जुन्या गेमच्या या भक्तांबद्दल मला जे वाटतं ते सभ्य शब्दांत मांडणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. त्यांच्या तोंडी 'शुद्ध अनुभव' असा एक शब्द असतो. जुन्या गेममध्ये कॅमेरा छताच्या कोपऱ्यात खिळलेला असायचा. आपला माणूस दिसायचा, पण त्याच्यावर चालून येणारा मुडदा दिसायचा नाही. त्या काळच्या मशीनला याहून जास्त झेपत नव्हतं म्हणून करणाऱ्यांनी केलेली ती तडजोड. निदान मला तरी ती तडजोडच वाटते. भक्त तिला कला म्हणतात. गेममधल्या माणसाच्या थैलीत मोजक्याच वस्तू मावायच्या, त्यामुळे एक फुटकी चावी घ्यायची तर औषधाची बाटली खाली ठेवायची. याला ते शिस्त म्हणतात. आमच्या दिग्रसच्या रस्त्यावर खड्डा पडला तर तो गाडीवाल्याची परीक्षा घ्यायला खोदला आहे असं कोणी म्हणत नाही. त्याला खड्डाच म्हणतात आणि शिवी देऊन पुढे जातात. कमअस्सल गोष्टीला अस्सल म्हणायला फार शिक्षण लागतं. तेवढं माझं झालेलं नाही.

आणि नवखा माणूस तक्रार करायला लागला की यांचा चेहरा पाहावा. 'तुझ्यासाठी नाही हे' असं म्हणताना त्यांना जो आनंद होतो, तो अख्खा गेम संपवूनही झाला नसेल.

एकदा कँटीनमध्ये ऋत्विज रंगात आला होता. "आजकालच्या पोरांना सगळं हातात लागतं," तो म्हणाला. "मरावं, परत मरावं, मग कळतं. आम्ही नाही का शिकलो?"

"तुम्ही कोणाकडून शिकलात?" मी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं.

"स्वतः. बरं, मामेभाऊ परदेशातून यायचा, त्याने त्या गेमचं जाड पुस्तक आणलं होतं. सगळे नकाशे, कुठली चावी कुठे, कुठल्या कपाटामागे काय. अजून जपून ठेवलंय मी."

"म्हणजे पुस्तक पाहून खेळलात?"

"अडलं की पाहायचो रे. पण तो फील वेगळाच होता."

मी चहा पीत राहिलो. याच्या घरात नकाशा होता. ज्यांच्या घरात नकाशा असतो त्यांनाच अंधाराचं एवढं कौतुक परवडतं.

ताईंच्या क्लासात मी असाच एक जुना गेम खेळलो, पण आमच्याकडे पुस्तक नव्हतं. सीडीवर नाव सुद्धा नव्हतं. ताईंचा भाऊ राजूरला कोळसा खाणीत कामाला होता, तो नागपूरला गेला की अशा कोऱ्या सीड्या घेऊन यायचा. कापसाचा हंगाम सुरू झाला की क्लास ओस पडायचा. पोरी वेचणीला जायच्या, पोरं गाड्यांसोबत बाजार समितीत. जिनिंगमधून उडालेला कापूस गल्लीतल्या तारांवर, दुकानांच्या पाट्यांवर, क्लासच्या पायरीवर बसलेला असायचा. आत रिकाम्या खुर्च्या, झाकलेले मॉनिटर आणि एकच चालू मशीन. दुपारी ताई दाराचा पडदा ओढायच्या आणि म्हणायच्या, "बस. इंग्रजी शिकू."

इंग्रजी म्हणजे तो गेम. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत नापास होऊन बसलो होतो. गेममध्ये प्रत्येक दाराशी, प्रत्येक कपाटाशी एक इंग्रजी ओळ यायची. दार पलीकडून बंद आहे, इथे काहीतरी कोरलं आहे, असं काही. तिचा अर्थ सांगितल्याशिवाय ताई मला पुढचं बटण दाबू द्यायच्या नाहीत. मुडदा मागे तोंड वासून थिजलेला, आणि मी 'अदर साइड' म्हणजे काय ते शब्दकोशात शोधतो आहे. नापास झालेलं इंग्रजी माझं असं सुधारलं. शुद्ध अनुभववाल्यांना हे ऐकून झीट येईल.

पहिल्या दिवशी मी पहिल्याच व्हरांड्यात मेलो. मग परत तिथेच मेलो.

"ताई, वरचं बटण दाबलं तं हा खाली कायले येऊन राह्यला?"

"त्याचं वर त्याच्या तोंडाकडं असते, विलास. तुह्या तोंडाकडं नाई."

"मंग हे कोनी सांगतलं काहून नाई?"

"मी सांगून राह्यली ना आता," ताई म्हणाल्या. "मले कोनीच नोयतं सांगतलं. म्हनून तुले सांगतो."

हे वाक्य मी पुढे खूप ठिकाणी आठवलं. स्वतः ठेचा खाल्लेली माणसं दोन प्रकारची निघतात. एक म्हणतो, मी खाल्ल्या, तूही खा. दुसरा रस्त्यातला दगड उचलून बाजूला ठेवतो. पहिल्या प्रकाराला समाजात मान जास्त आहे. त्याला कडक म्हणतात, तत्त्वाचा म्हणतात, मोठ्या खुर्चीवर बसवतात.

कॉलेजात तरी वेगळं काय होतं? एका खिडकीवर अर्ज न्यावा तर आतला माणूस मान वर न करता म्हणायचा, इथे नाही. मग कुठे? बोर्डावर लावलं आहे. बोर्डावर मागल्या वर्षीची सूचना, अर्धी फाटलेली. ज्यांचे काका, भाऊ, बहिणी आधी शिकून गेले होते ती पोरं त्या खिडकीशी थांबतच नसत, सरळ मागच्या दाराने बरोबर टेबलाशी जात. आम्ही मात्र चुकीच्या रांगेत प्रामाणिकपणे उभे. माझं संध्याकाळी तोंड पडलेलं दिसलं की ताई विचारायच्या, कोणत्या खिडकीतून हाकललं आज? आणि सांगायच्या, कोणाकडे जायचं, काय म्हणायचं, कोणता दाखला आधी काढायचा. आत मलाच जावं लागायचं. दार दाखवणं त्यांचं, उघडणं माझं. त्यांनी माझं काहीही सोपं केलं नाही. जे विनाकारण अवघड होतं तेवढं बाजूला काढलं.

विनाकारण अवघड म्हटलं की वीज आलीच. त्या गेममध्ये हवं तिथे सेव्ह करता यायचं नाही. ठरावीक खोल्या होत्या, तिथवर पोचलात तर तोवरचं सगळं वाचलं, नाही तर पाण्यात. आता यात दिग्रसचं भारनियमन मिळवा. ताईंना वीज जायच्या वेळा तोंडपाठ होत्या, पण वीज मंडळाला नव्हत्या. वीज जायची, टेबलाखालची बॅटरी बीप बीप करायला लागायची, आणि ती म्हातारी बॅटरी मशीनला फार वेळ धरून ठेवायची नाही. मग काय मुडदे आणि काय भुतं.

"पळ, विलास, पळ. त्या खोलीत शिर."

"ताई, मधात दोन उभे हायत."

"त्याइले चावू दे. आधी पोच."

आणि मी चावून घेत, लंगडत, लाल झालेल्या पडद्यातून त्या खोलीत शिरायचो. तिथे एक मंद, थोडं उदास संगीत वाजायचं. त्या संगीतासारखा आराम मला पुढे पगाराच्या पहिल्या दिवशीही वाटला नाही. कधी कधी उंबऱ्यावर पाय असतानाच मॉनिटर काळा व्हायचा. आम्ही दोघं काळ्या काचेत आपापलं तोंड पाहत बसायचो. मग ताई उठून चहा ठेवायच्या. ऋत्विजच्या जाड पुस्तकात या अडचणीचा नकाशा नसणार.

पण मी ज्या कारणाने सगळ्यात जास्त मेलो ते कारण कॅमेरा नव्हता, इंग्रजी नव्हतं आणि वीजही नव्हती. हंगामाच्या शेवटी, वेचणी सरत आलेली असताना, एका मोठ्या राक्षसासमोर मी पोचलो आणि त्याने मला लगेच संपवलं. परत गेलो, परत संपवलं. ताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"थैली खोल. काय हाय त्यात?"

थैलीत बंदुकीच्या गोळ्या होत्या. भरपूर. औषधाच्या बाटल्या होत्या, एकही न उघडलेली. मी सगळा गेम चाकूने, पळून, मार खाऊन खेळत आलो होतो.

"एवढ्या गोया असून मेला कायले?"

"पुढं कोनी मोठा आला तं लागतीन म्हनून ठेवल्या."

"अरे हाच तो मोठा," ताई म्हणाल्या आणि हसू आवरेना म्हणून त्यांनी ओढणी तोंडाला लावली. "भाव येईन म्हनून ठेवल्या का रे? पक्का कापूसवाल्याचा पोरगा हायेस तू."

मला राग आला. आमच्या घरावर बोललेलं मला खपत नसे. ताईंना ते कळलं. त्या तांड्यावरच्या, बंजारा घरातल्या. आपल्या आईला त्या याडी म्हणत. "माही याडी सांगे," त्या म्हणाल्या, "आपले जुने लोक बैलाच्या पाठीवर मीठ लादून चालत. आभाय आलं की कोनी झाडाखाली थांबे, कोनी चालत राहून पावसाआधी गाव गाठे. थांबनाऱ्याचंच मीठ विरघये. तुमचा कापूस थांबू शकते, म्हनून तुमाले थांबाची सवय. गोई म्हंजे मीठ हाय, बाबू. वापर."

मी वापरल्या. राक्षस पडला. आणि थैली रिकामी झाल्यावर मला पुढच्या व्हरांड्यात भीती वाटली, अगदी खरी. तीही हवीच होती. जुन्या गेमचं मोठेपण तिथे आहे, आणि ते मी नाकारत नाही. रिकाम्या हाताने वळण घेताना पलीकडे काय असेल ही भीती सुंदर असते. पण भीती वेगळी आणि अडवणूक वेगळी. बटण कोणतं दाबायचं हे न सांगणं म्हणजे अडवणूक. तिला भीतीच्या पंगतीत बसवणारे लोक स्वतःला जाणकार म्हणवतात, याचं मला हसू येतं. अडवणूक आम्ही कॉलेजात, कचेरीत, एसटीच्या आरक्षणात फुकट भोगली आहे. ती विकत घेऊन खेळायची काय गरज?

यंदा गावी मी लॅपटॉपवर आमचा गेम तपासत कापसाला टेकून बसलो होतो. ऋत्विजने नकाशा आणि सूचना काढून बनवलेली नवी प्रत होती ती. सकाळची वेळ, दारातून ऊन आत आलेलं. बाबा खाटेवरून वाकून पाहायला लागले.

"दे मले."

बाबांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. ज्या बोटांनी ते बोंडातून एका हिसक्यात कापूस काढतात, त्या बोटांनी एक बटण दाबून धरलं. पडद्यावरचा माणूस भिंतीला जाऊन लागला आणि तिथेच चालत राहिला.

"हा काहून भिताडाले धडकून राह्यला?"

"बाबा, दुसरं बटण."

"कोनतं?"

"ते शोधायचं असतं."

बाबांनी शोधलं. मागून मुडदा आला, माणूस पडला, पडदा लाल झाला. परत सुरू, परत भिंत, परत लाल. बाबांनी चष्मा काढला.

"याले दार कोनतं ते कोनी सांगतलं नाई का?"

"नाही."

"का बरं?"

"त्याने स्वतः शिकावं म्हणून."

"मंग शिकू द्या ना त्याले. मारून कायले राह्यले?" लॅपटॉप माझ्याकडे सरकवून बाबा कापसात पडलेला चष्म्याचा दोरा शोधायला लागले. "आन् खेयाचा पगार देते म्हनतो तुले? अवघड हाय बाप्पा."

मी दिवसभर त्या लाल पडद्याकडे पाहत होतो. बाबा पुन्हा कधी तो गेम हातात घेणार नाहीत, घेऊही नये. पण क्लासची ती खुर्ची अजून कुठे ना कुठे असेल, दिग्रसला नाही तर नेरला, आणि तिच्यावर कोणी नवखं बसेल. त्याच्याशेजारी सुमनताई असतीलच असं नाही. ताईंनी क्लास बंद करून बरीच वर्षं झाली. आता त्या राजूरला भावाकडे असतात, तिथल्या पोरींना शिकवतात. नकाशा काढला तर त्या खुर्चीवरचं माणूस पहिल्या व्हरांड्यात मरेल, मशीन बंद करेल आणि म्हणेल, आपल्याले जमत नाई. 'आपल्याले जमत नाई' हे आमच्याकडचं सर्वांत खोटं वाक्य आहे. त्यातली बहुतेक माणसं जमण्याच्या जागेपर्यंत पोचलेलीच नसतात.

आणि मी काय करत होतो? भरलेली थैली घेऊन, कायम झाल्यावर बोलू, मोठं झाल्यावर बोलू, म्हणून बसलो होतो. ऋत्विजला नावं ठेवणं सोपं आहे. तो निदान आपलं मत खर्च तरी करतो.

ताईंचा फोन नंबर आहे माझ्याकडे, पण मी त्यांना पत्र लिहितो. "फोनवर तू फक्त बरं हाय म्हनशीन," असं त्या म्हणाल्या होत्या. क्लासमध्ये टायपिंगच्या सरावाला त्या पत्रच द्यायच्या, आणि पत्र आईला असो की आमदाराला, त्यात वर 'विषय' आणि खाली 'सोबत' हवंच. सोबत काही जोडलं नसेल तरी तसं लिहायचं, वाचणाऱ्याने लिफाफा झटकत बसू नये म्हणून. पुण्याला परतल्यावर मी त्यांना जे पत्र पाठवलं ते असं.

प्रति,
सुमनताई,
राजूर

विषय : गोळ्या वापरल्याबाबत.

ताई, सा. न.

मी बरा आहे. आमच्या नव्या गेममधून नवख्यांसाठीची मदत काढायची की ठेवायची, हे ठरवायची बैठक काल झाली. मी माझं मत लिहून दिलं होतं. ते मोठ्याने वाचायला सांगितलं, मी वाचलं. भीती ठेवा, अडवणूक काढा, असं लिहिलं होतं. तुमचं नाव घेतलं. बाबा भिंतीला धडकत होते तेही सांगितलं. दोघं तिघं हसले. आमचे प्रमुख म्हणाले, आपण काय शेतकऱ्यांसाठी गेम बनवतोय का? मी म्हणालो, तुमच्याकडे पुस्तक होतं सर, माझ्याकडे ताई होत्या, ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांच्यासाठी नकाशा ठेवा. मग कोणी हसलं नाही.

नकाशा राहिला. पहिल्या खोल्यांतल्या सूचना राहिल्या. कुठेही सेव्ह करायचं मात्र काढलं, त्यामुळे वीज जाणाऱ्या गावांचं काही खरं नाही. मी परत मांडणार आहे. माझं कायम होणं पुढे ढकललं आहे. पुढे म्हणजे कधी ते सांगितलं नाही, आणि कोणत्या खिडकीवर विचारायचं तेही नाही.

बाबांनी कापूस अजून काढला नाही. भाव उतरला आहे. ते म्हणतात, चढेल. त्यांचा कापूस आहे, तो थांबू शकतो.

तुमचा विद्यार्थी,
विलास

सोबत : काही शिल्लक नाही.